चौदा सेकंदांचा अबोला

माझा काका आमच्या घरातला सर्वांत निरुपद्रवी माणूस आहे, हे मी आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. त्याच्यामुळे आमच्या घरात सात महिने अबोला नांदला, मोठी आत्या हसता हसता खुर्चीवरून घसरली आणि गेलेल्या आजोबा-आजींच्या फोटोसमोर टुणटुण उड्यांचं संगीत वाजलं, हे सगळं खरं. पण त्यातली निम्मी चूक माझी होती, आणि उरलेली निम्मी यंत्राची. काकाच्या वाट्याला फक्त शिक्षा आली.

काका पोहण्याच्या तलावावर नोकरीला. काम म्हणाल तर सोपं. पंचेचाळीस मिनिटांची एकेक पाळी. ती संपली की शिट्टी मारायची, लोकांना पाण्यातून बाहेर हाकलायचं आणि पुढच्यांना आत सोडायचं. ही गोष्ट घडली तेव्हा त्याला तिथे बावीस वर्षं झाली होती. गळ्यात एका दोरीला शिट्टी, दुसरीला स्टॉपवॉच. घरी आला तरी दोन्ही काढायचा नाही. जेवताना स्टॉपवॉच आमटीत बुडालं की शर्टाला पुसून घ्यायचा आणि ते चालतंय ना, हे कानाला लावून बघायचा.

तलावावरून सुटला की तो वरच्या खोलीत जाऊन संगीतकार व्हायचा. घरात कुणीही मोबाइलवर काहीही चित्रित केलं की काका म्हणायचा, “तसंच पाठवू नका कुणाला. माझ्याकडे द्या. मुकं दिसतंय.” आता आम्ही सगळे त्यात घसा फाडून बोलत असायचो, त्याला मुकं कसं म्हणायचं? पण काकाच्या लेखी माणसांचं बोलणं म्हणजे नुसता गोंगाट. प्रसंगाला सूर पाहिजे. माझ्या आतेबहिणीच्या मुलीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा त्यानं त्यावर अशी रणधुमाळी वाजवली, की पोरगी गड सर करून आली असावी असं वाटलं. शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजच्या आगमनाला त्यानं मागे वादळ लावलं होतं. फ्रिज जिन्यात अडकतो त्या क्षणी वीज कडाडते. शेजारी आजही ती चित्रफीत पाहुण्यांना दाखवतात.

त्याची साधनसामग्री बघितली असती तर तुम्ही त्याला दंडवत घातला असता, किंवा डॉक्टरकडे नेलं असतं. माझा जुना लॅपटॉप, जो मी टाकूनच देणार होते. अडीच सप्तकांचा एक कीबोर्ड, त्यातल्या दोन पट्ट्या मेलेल्या. त्यातली एक नेमकी मध्यमाची, त्यामुळे काकाची प्रत्येक चाल मध्यमापाशी आली की वळसा घालून जायची. वीज कडाडायची ती पत्र्याचं झाकण हलवून. पाऊस पडायचा तो बिस्किटांच्या डब्यात मसूर घालून. आवाज घुमायला हवा असला की काका कीबोर्ड घेऊन न्हाणीघरात बसायचा, आणि आवाज दबका हवा असला की स्वतःवर जाड रजई घ्यायचा. उन्हाळ्यात रजईखालून घामाघूम होऊन बाहेर आला की आई म्हणायची, “छोट्या, आधी पाणी पी. मग काय ते वाजव.”

छोट्या म्हणजे काका. तेव्हा वय चव्वेचाळीस, कानांवर पांढरे केस, तरी आईसाठी छोट्याच. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, बाबांपेक्षा सोळा वर्षांनी लहान. आजी आधीच गेलेली. आईनं पहिल्या आठवड्यात त्याचे केस कापले, दुसऱ्या आठवड्यात त्याला पाढे पाठ करायला बसवलं आणि तिसऱ्या आठवड्यात शाळेत जाऊन त्याच्या मास्तरांशी भांडून आली. पुढे मी झाले, पण तोपर्यंत आईचा ओरडायचा सगळा सराव त्याच्यावर होऊन गेला होता. काकानं लग्न केलं नाही. विषय निघाला की रजईखाली जायचा.

आता त्या यंत्राविषयी सांगते, कारण तिथेच घोडं पेंड खातं. माझ्या त्या लॅपटॉपला एका वेळी एकच काम जमायचं. चित्र दाखव म्हटलं तर दाखवायचा. आवाज ऐकव म्हटलं तर ऐकवायचा. दोन्ही एकदम मागितलं की आचके द्यायला लागायचा. त्यातून आवाजाचा ट्रॅक म्हणून एकच पट्टी. तिच्यावर संगीत टाकलं की तेवढ्या जागेतलं मूळ बोलणं पुसून जायचं. दहा वर्षांच्या आमच्या चित्रफितींत घरातल्या एकाही माणसाचा आवाज नाही, तो या एकाच पट्टीपायी. सगळे तोंडं हलवतात आणि मागे कीबोर्ड वाजतो.

मग काका काय करायचा? आधी चित्र बघायचा, आवाज बंद करून. हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. कितव्या सेकंदाला काय घडतं, ते लिहून काढायचा. वहीत तीन रकाने आखलेले: वेळ, प्रसंग, भाव. मग लॅपटॉप मिटून ठेवायचा, स्टॉपवॉच पुन्हा सुरू करायचा आणि वहीत बघून पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत एका दमात वाजवायचा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. ती सबंध लांबी चित्राला नेऊन चिकटवली की झालं. जुळलंय का ते तपासायची सोयच नव्हती. पण काकाचं कधी अर्ध्या सेकंदानंही चुकायचं नाही. बावीस वर्षं शिट्टी वेळेवर मारलेला माणूस तो.

आईबाबांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली तेव्हा त्यानं मोठा घाट घातला. ‘घरातला एक दिवस’ नावाची चित्रफीत. महिनाभर तो आमच्या मागे मागे फिरत होता. दार उघडलं की समोर काका. शिंक आली की समोर काका. आईनं मात्र हौसेनं सगळं करून घेतलं. ठेवणीतले कपडे काढले, केस धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर येण्याचा प्रसंग चार वेळा केला. “छोट्या, बघ रे, चष्मा चमकत नाही ना?” असं प्रत्येक वेळी विचारून.

वही मी नंतर नीट वाचली, म्हणून पाठ आहे. ‘१ मि. ४० से. — शेजारचा बोका दुधाकडे येतो — भय. १ मि. ५४ से. — वहिनी येतात — प्रसन्न, पहाटेसारखं. २ मि. ८ से. — दादा नखं कापतो — दुर्लक्ष करावे.’ पुढच्या पानावर, ‘३ मि. — दादाचा व्यायाम — विनोदी, टुणटुण. ३ मि. १४ से. — आईवडिलांचा फोटो — गंभीर.’

आता माझा पराक्रम. चित्रफितीच्या सुरुवातीला आमचं बंद दार होतं. नुसतं बंद दार, दुसरं काही नाही. मला वाटलं, काकानं चुकून लवकर बटण दाबलं असणार. काका तलावावर गेला होता, लॅपटॉप उघडाच होता. मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम करते; लोकांना नीट दिसावं ही माझी रोजची कळकळ. म्हटलं, एवढं काकासाठी करून टाकू. आणि ते दार मी कापून टाकलं. बरोबर चौदा सेकंद. मग जेवायला बसले आणि विसरून गेले.

ते दार काकानं मुद्दाम ठेवलं होतं, उत्कंठा वाढावी म्हणून. वही तोवर लिहून झाली होती. त्यानं तलावावरून येऊन, वहीत बघून, एका दमात वाजवलं आणि चिकटवलं.

आमच्या दिवाणखान्यात तीसेक माणसं जमली होती. भिंतीवर चादर ताणली होती. प्रोजेक्टर तलावावरचा होता, बुडणाऱ्याला कसं वाचवावं ते दाखवायला वापरतात तो; चित्रफीत पेनड्राइव्हवरून थेट त्यात लावली होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभा. त्यानं दिवा बंद केला.

बोका आला तेव्हा भीतीचं काहीच वाजलं नाही. बोका दूध प्यायला आणि शांतपणे निघून गेला. काका मागे चुळबुळला. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं, आई ठेवणीतल्या कपड्यांत, मोकळ्या केसांनी, मंद हसत बाहेर आली, आणि ढॅण! ढॅण! ढॅण! खालच्या सगळ्या पट्ट्या एकदम. पत्र्याचं झाकण. मागे न्हाणीघरात घुमवलेलं काकाचं घोगरं हूंऽऽ. आई कॅमेऱ्याकडे बघून हसली तेव्हा तर अशी किंकाळी आली, की पुढच्या रांगेतलं एक मूल उठून आईबापांच्या मागे लपलं. मग आई निघून गेली, बाबा गॅलरीत पायाची नखं कापायला बसले आणि पहाट झाली. इतकी गोड पहाट मी जन्मात ऐकली नव्हती. नख उडालं की पाखरू किलबिलायचं.

लोक हसून हसून वेडे झाले. पुढे फोटोतल्या आजोबा-आजींसमोर टुणटुण वाजलं आणि मग मी दात घासत असताना शोकसंगीत. ती माझी शिक्षा असावी. पण खरा घाव त्याआधीच बसला होता. मोठी आत्या, म्हणजे बाबांची बहीण, डोळे पुसत म्हणाली, “अगदी बरोबर वाजवलंय हो! ही आली त्याच दिवशी वाजायला हवं होतं हे!” एवढं बोलून ती घसरली. सगळ्यांनी पुन्हा हसून घर डोक्यावर घेतलं. आई हसली नाही.

ती उठली, सगळ्यांना चहा दिला, कप गोळा केले. पाहुणे गेल्यावर चादर खाली काढून तिची घडी घातली. काका तिच्यामागे, “वहिनी, अहो वहिनी, ते बोक्याचं होतं,” म्हणत हिंडत होता. आईनं घडी कपाटात ठेवली आणि मला म्हणाली, “भावजींना सांग, मी बोका आहे का काय आहे, ते कळलं मला.”

भावजी! पस्तीस वर्षांत हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता. काकाच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

त्या दिवसापासून अबोला. आईचा अबोला म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हे. ती काकाशी सगळं बोलायची, फक्त माझ्यामार्फत. काका समोर बसलेला असायचा आणि ती मला सांगायची, “भावजींना विचार, अजून एक पोळी हवी का.” मी काकाकडे बघायचे. काका म्हणायचा, “नको म्हणावं.” “भावजींना सांग, मुकाट्यानं घ्या.” आणि पोळी माझ्या ताटावरून त्याच्या ताटात जायची. जेवायला बसायचे ते दोघं, दमायचे मी.

मी तिसऱ्याच दिवशी आईपाशी कबुली दिली. चौदा सेकंद, बंद दार, कात्री, सगळं सांगितलं. वही दाखवली. आईनं चष्मा लावून वाचली आणि परत दिली. म्हणाली, “तू त्याची बाजू घेऊ नकोस. लहानपणीही दुसऱ्यांना पढवून पाठवायचा तो.”

“अगं, पण यात लिहिलंय ना, वहिनी येतात, प्रसन्न!”

“चौदा सेकंदांत प्रसन्नची भेसूर होते होय मी?”

आईच्या मनानं घेतलं होतं, की पस्तीस वर्षं मनात साठवलेलं यानं चारचौघांत वाजवून दाखवलं. खरं म्हणजे ती भेदरली होती, हे मला फार उशिरा कळलं. तिनं त्याला बदडलं होतं, कोंडलं होतं, पाढे येईनात म्हणून एकदा जेवण बंद केलं होतं. आपण पोराला घाबरवून ठेवलं की काय, ही शंका तिच्या मनात आधीपासूनच असणार. आत्यानं नेमकं तिथेच बोट ठेवलं. मला तेव्हा हे समजलं असतं तर मी आत्याला चांगलं सुनावलं असतं.

काकानं चूक निस्तरायला आणखी एक चित्रफीत केली. नाव, ‘वहिनी’. तीत पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती पहाट. आई भांडी घासते, पहाट. आई दूधवाल्याला झापते, पहाट. आई मोरीत तुंबलेल्या पाण्यात काठी खुपसते आणि पाखरं किलबिलतात. आईनं दीड मिनिट बघितलं आणि उठून गेली. “भावजींना सांग, थट्टा पुरे झाली.”

असे पाच महिने गेल्यावर एका संध्याकाळी काका मला म्हणाला, “तलावाच्या मागे कर्मचाऱ्यासाठी एक खोली आहे. रिकामी आहे. मी अर्ज केलाय.”

“कशाला?”

“जाण्यायेण्याचा वेळ वाचेल.”

तलाव आमच्या घरापासून आठ मिनिटांवर आहे. काकानं ते स्टॉपवॉच लावून मोजलेलं होतं, आणि तरी तो हे माझ्या तोंडावर म्हणाला. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. मी आईला जाऊन सांगितलं. आई कपडे वाळत घालत होती. तिनं बाबांची एकच बनियन चार वेळा झटकली. “जायचं तर जाऊ दे की. मी कोण अडवणारी?” म्हणाली. वहिनी आपल्याशी बोलल्या तर राहायचं, नाही तर जायचं, हे काकानं ठरवलेलं. तोंडानं सांगत नव्हता, एवढंच. आणि आई तोंड उघडायला तयार नाही. दोघंही हट्टी, एकानं दुसऱ्याला तसंच वाढवलेलं.

खोली मिळाली. महिनाअखेरीस जायचं ठरलं. नेमकी त्याच सुमाराला बाबांची निवृत्ती आली. बाबा पाण्याचे मीटर तपासायचे. स्वभावानं इतके थंड, की या सात महिन्यांत त्यांना अबोला चालू आहे हे दोनदा आठवण करून द्यावं लागलं. पण त्या दिवशी ते वर काकाच्या खोलीत गेले, खोक्यांत बांधलेलं सामान बघितलं आणि म्हणाले, “कीबोर्ड सगळ्यात शेवटी बांध. मी एकदाच निवृत्त होणार आहे. मला संगीत हवंय.”

शनिवारी बाबांच्या ऑफिसात निरोप समारंभ झाला. सभागृहात एक चहाचं मोठं पिंप होतं. काकानं मोबाइल त्या पिंपाला टेकवून चालू करून ठेवला आणि स्वतः पलीकडच्या टोकाला, व्यासपीठावर, माइकची वायर सोडवत बसला. भाषणं सुरू झाली की तो येऊन मोबाइल उचलायचा, भाषण टिपायचा, पुन्हा पिंपाला टेकवायचा. आई जवळजवळ सगळा वेळ पिंपापाशीच उभी होती. तिला गर्दीत चहाजवळ उभं राहायला आवडतं, हाताला काम मिळतं. मोबाइल तिला दिसला असेल, पण तो चालू आहे हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

पुढचा आठवडाभर वरून कीबोर्डचा आवाज येत होता. मी एकदा वर डोकावले. काका वहीत लिहीत होता. वेळ, प्रसंग, भाव. ‘साहेब येतात — भारदस्त.’ ‘दादा पडता पडता वाचतो — उत्कंठा.’ आणि जिथे जिथे ‘वहिनी’ लिहिलं होतं, तिथे तिसरा रकाना कोरा.

“इथे काय वाजवणार?”

“काही नाही,” काका म्हणाला. “कानाला खडा. त्या दिसल्या की मी गप्प. भय नको, पहाट नको, काहीच नको.” मध्ये मध्ये अशी भोकं ठेवायची म्हणून त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच तुकड्यातुकड्यांनी वाजवलं. रिकामी जागा म्हणजे आळस, असं म्हणणारा माणूस तो. चिकटवल्यावर तपासायची सोय याही वेळी नव्हतीच. मी या खेपेला लॅपटॉपच्या आसपासही फिरकले नाही.

रविवारी दुपारी सगळे पुन्हा जमले. तीच चादर, तीच माणसं, मोठी आत्या भिंतीला टेकून सावधपणे बसलेली. सोमवारी सकाळी काका जाणार होता. त्याची दोरीनं बांधलेली चार खोकी दारातच होती आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्यांना ठेचकाळत होता. प्रोजेक्टर घेऊन तलावाचे व्यवस्थापक स्वतः आले होते. मागच्या वेळी तो परत गेला तेव्हा त्यात कुठूनसे मसूर निघाले होते, म्हणून या वेळी ते त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसले. आई सगळ्यात मागे, दाराशी उभी. बाबांनी बोलावलं म्हणून आलेली.

दिवा बंद झाला. साहेब आले, भारदस्त वाजलं. बाबा पायरीवर अडखळले, उत्कंठा वाजली, बाबा वाचले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकदम जुळलं होतं. काका मागे ताठ उभा होता. मग चित्रात चहाचे कप दिसले, पलीकडे आई आणि साहेबांची बायको. संगीत थांबलं.

आणि आईचा आवाज आला.

आमच्या घरच्या चित्रफितीत माणसाचा आवाज! क्षणभर सगळ्यांना वाटलं, आई मागून खरंच बोलतेय. चारपाच जणांनी वळून बघितलं. आई तोंड मिटून उभी होती.

“ते वायरींशी झटापट करतायत ते कोण?” चादरीवर साहेबांची बायको विचारत होती.

“तो होय?” आई कपात साखर घालत म्हणाली. “तो आमचा थोरला.”

“पण तुमची तर ही एकच मुलगी ना?”

“ती नंतरची. आधी हा. मी आले तेव्हा नऊ वर्षांचा होता. रात्री दचकून उठायचा आणि माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचा. मीच तेव्हा लहान होते, मला कुठे कळत होतं पोरं कशी वाढवतात ते. फार ओरडले हो मी त्याला.” आई चमचा फिरवत राहिली. साखर केव्हाच विरघळली असणार. “आता महिनाअखेरीस चाललाय. तलावावर राहणार म्हणे. तिथे कोण बघणार आहे त्याच्याकडे? आणि मेल्याला पोहतासुद्धा येत नाही!”

मी काकाकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं होतं आणि हात शिट्टीवर होता, पाळी संपली की नाही हे न कळल्यासारखा. मोठी आत्या नाक शिंकरत होती. मला तर समोरचं काही दिसेनाच.

मागून आई गरजली, “छोट्या!”

सात महिन्यांनी! काका दचकून, “ओ!” म्हणाला.

“हे काय ठेवलंयस? अरे वाजव की काहीतरी त्याच्यावर! बंद कर ते!”

“वहिनी, मला ठाऊकच नव्हतं हो... तुमच्या जागी मी काहीच वाजवलं नाही... म्हटलं, पुन्हा चुकायला नको...”

“मग आता चूक! पण वाजव!”

कीबोर्ड तिसऱ्या खोक्यात, दोरीनं बांधलेला. काका खाली बसून दोरीच्या गाठी दातांनी सोडायला लागला. गाठ सुटेना, काकाच्या डोळ्यांचं पाणी थांबेना. आई तरातरा पुढे आली, त्याच्या हातातली दोरी ओढून घेतली आणि तीच सोडायला बसली. तिलाही गाठ दिसत नव्हती. दोघं एका खोक्याशी झोंबत होते आणि चादरीवर आई साहेबांच्या बायकोला काकाच्या पोटाची तक्रार सांगत होती, की त्याला वांगं कसं सोसत नाही. कुणीही प्रोजेक्टर बंद केला नाही.

तेवढ्यात तलावाचे व्यवस्थापक खाकरले. सरळमार्गी माणूस, पण कधी काय बोलावं याचा पोच कमी. म्हणाले, “एक मिनिट. यांना पोहता येत नाही?”

बावीस वर्षं तलावावर ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं. काकाचं काम कोरड्यात.

“नाही म्हणजे, नोकरीचं ठीक आहे,” व्यवस्थापक म्हणाले. “शिट्टीला पोहावं लागत नाही. पण त्या खोलीत राहणाऱ्याला पोहता आलंच पाहिजे. नियम आहे. अवेळी कुणी पाण्यात पडलं तर काढणार कोण? हे गेले काढायला, तर दोन काढावे लागतील. खोली नाही देता येणार मला.”

आईनं गुडघ्यावर बसल्या बसल्या त्यांच्याकडे बघितलं. या घरात पाहुण्याकडे इतक्या प्रेमानं तिनं कधी बघितलं नसेल. “चहा देऊ का हो तुम्हाला अजून?” असं तिनं त्यांना विचारलं.

“पण महिनाभरात शिकले तर देतो,” व्यवस्थापक म्हणाले. “मी स्वतः शिकवीन.”

आईनं त्यांच्या हातातला कप परत घेतला.

खोकी त्याच दिवशी वर गेली. या गोष्टीला चार वर्षं झाली. व्यवस्थापक दर उन्हाळ्यात न चुकता काकाला म्हणतात, या वर्षी उतरा पाण्यात, खोली अजून रिकामीच आहे. काका बरं म्हणतो, नवी चड्डीसुद्धा आणतो. आणि दर उन्हाळ्यात नेमकं उतरायच्या सकाळी आई तलावावर फोन करते, “आमच्या थोरल्याला सर्दी झालीय. पाण्यात उतरवू नका,” आणि काका शेजारी उभा राहून मोठ्यानं खोकतो.